व्हीआय ते व्हिम: संथ वाहिनीवर घडलेला एडिटर आणि तो शिकण्याची रीत

लिनक्सच्या प्रात्यक्षिकात व्हीआय किंवा व्हिम पहिल्यांदा उघडले की बहुतेक विद्यार्थ्यांचा अनुभव सारखाच असतो. टाइप करावे तर अक्षरे उमटत नाहीत. उमटलीच तर मधूनच कुठली तरी उमटतात, एखादी ओळ गायब होते आणि बाहेर कसे पडायचे ते कळत नाही. 'जुनाट सॉफ्टवेअर' असा शेरा मारून विद्यार्थी दुसऱ्या एडिटरकडे वळतो. पुढे केव्हातरी दूरच्या सर्व्हरवर काम करायची वेळ येते. तिथे माउस नसतो, मेनू नसतो, आणि तोच एडिटर पुन्हा समोर उभा राहतो.

या टिपणात व्हीआयचा इतिहास पाहायचा आहे, पण केवळ माहिती म्हणून नव्हे. या एडिटरच्या कळा कुणाच्या लहरीने ठरलेल्या नाहीत. बहुतेक सवयींमागे एखादे यंत्र, एखादी संथ वाहिनी किंवा एखादी अडचण आहे. ती कळली की पाठांतर कमी होते आणि एडिटर शिकणे सोपे जाते. (टिपणात कळांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.)

१. मोड म्हणजे काय?

एकच कळ वेगवेगळ्या स्थितीत वेगवेगळे काम करते, तेव्हा त्या स्थितीला मोड म्हणतात. कॅप्स लॉक हा सर्वांच्या ओळखीचा मोड आहे. व्हीआयमध्ये मुख्य मोड दोन: नॉर्मल आणि इन्सर्ट. इन्सर्ट मोडमध्ये एक्स दाबले तर एक्स हे अक्षर उमटते. नॉर्मल मोडमध्ये तीच कळ कर्सरखालचे अक्षर काढून टाकते. आय दाबून इन्सर्टमध्ये जायचे आणि एस्केप दाबून नॉर्मलमध्ये परत यायचे. याशिवाय कोलन दाबले की तळाशी एक ओळ उघडते आणि तिथे फाइल जतन करणे, बाहेर पडणे, शोधून बदलणे अशा आज्ञा देता येतात. या तिसऱ्या भागाचे मूळ सर्वांत जुने आहे, म्हणून सुरुवात तिथून करू.

२. कागदावर चालणारा एडिटर

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी युनिक्ससाठी 'एड' हा एडिटर लिहिला. त्या काळी संगणकाशी बोलण्याचे नेहमीचे साधन म्हणजे टेलिटाइप. मॉडेल ३३ टेलिटाइप सेकंदाला १० अक्षरे कागदावर छापत असे. पडदा नव्हता, त्यामुळे फाइल 'दिसत' नसे. हवी ती ओळ मागितली तरच ती छापली जाई. ८० अक्षरांची एक ओळ छापायला ८ सेकंद लागत. म्हणून एडच्या आज्ञा एकेका अक्षराच्या ठेवलेल्या होत्या आणि चूक झाली तर उत्तरादाखल फक्त एक प्रश्नचिन्ह येई.

मोडची कल्पना एडमध्ये आधीपासूनच होती. ए ही आज्ञा दिली की पुढचे सगळे मजकूर म्हणून घेतले जाई. एका ओळीत फक्त पूर्णविराम टाकला की पुन्हा आज्ञा सुरू होत. म्हणजे मोडचा शोध व्हीआयने लावलेला नाही. तो त्याला वारशाने मिळाला. आज आपण व्हिममध्ये कोलननंतर डब्ल्यू लिहून फाइल जतन करतो, क्यू लिहून बाहेर पडतो, एस लिहून शब्द बदलतो, त्या आज्ञा एडच्याच आहेत. शोधण्याच्या 'ग्रेप' या प्रसिद्ध साधनाचे नावदेखील एडच्या आज्ञेवरून पडले: सगळीकडे (जी), अमुक नमुना (आरई) शोध आणि छाप (पी).

३. बर्कली, १९७६

लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात पडद्याचे टर्मिनल आले होते. तिथले जॉर्ज कुलूरिस यांनी एड सुधारून 'एम' हा एडिटर बनवला; एम म्हणजे सामान्य मर्त्य माणसांसाठीचा एडिटर. १९७६ च्या उन्हाळ्यात ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली परिसरात गेले, तेव्हा तो त्यांनी तिथल्या बिल जॉय या पदव्युत्तर विद्यार्थ्याला दाखवला. जॉय आणि चक हेली यांनी त्यावरून पुढे 'एक्स' हा ओळींवर चालणारा एडिटर घडवला. त्यातच जॉय यांनी पूर्ण पडदा वापरणारी 'व्हिज्युअल' अवस्था घातली. तिचेच संक्षिप्त नाव व्हीआय. १९७९ च्या दुसऱ्या बीएसडी वितरणात व्हीआय ही स्वतंत्र आज्ञा म्हणून मिळू लागली.

या एडिटरवर दोन गोष्टींचा ठसा उमटला. पहिली गोष्ट म्हणजे जॉय यांचे टर्मिनल, लियर सीगलर कंपनीचे एडीएम-३ए. त्याच्या कळफलकावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. बाण एच, जे, के, एल या चार कळांवरच छापलेले होते. त्यामागेही कारण होते. आस्की संकेतांत कंट्रोल-एच म्हणजे ८ क्रमांकाचा 'मागे जा' आणि कंट्रोल-जे म्हणजे १० क्रमांकाचा 'खालची ओळ'. म्हणून एच डावीकडे नेतो आणि जे खाली. आजच्या कळफलकावर जिथे टॅब असते, तिथे त्या टर्मिनलवर एस्केप होती. करंगळी जराशी सरकवली की ती दाबली जाई. एस्केप सतत दाबायला लावणारा एडिटर तेव्हा गैरसोयीचा नव्हता. कळ कोपऱ्यात गेली ती नंतरच्या कळफलकांवर.

दुसरी गोष्ट म्हणजे वाहिनी. जॉय घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम करत. एका अक्षराला साधारण १० बिट धरले तर सेकंदाला ३० अक्षरे जातात. पडद्यावर ८० अक्षरांच्या २४ ओळी, म्हणजे १९२० अक्षरे. पूर्ण पडदा रंगवायला १९२० भागिले ३०, म्हणजे ६४ सेकंद! एका चुकीच्या कळीने पडदा पुन्हा रंगला तर एक मिनिट वाया. म्हणून आज्ञा लहान ठेवणे आणि पडद्याचा कमीत कमी भाग बदलणे हेच डिझाइनचे सूत्र झाले. ६०० बॉड किंवा त्याहून संथ वाहिनीवर व्हीआय फक्त ८ ओळी दाखवत असे, १२०० बॉडवर १६ ओळी, आणि त्याहून वेगवान वाहिनीवर जवळजवळ पूर्ण पडदा. साध्या टर्मिनलवर ओळ काढली तर खालचा मजकूर वर सरकवण्याऐवजी तिच्या जागी ॲट-चिन्ह दाखवून वेळ वाचवला जाई. कोणत्या टर्मिनलला काय जमते याची 'टर्मकॅप' ही नोंदवहीसुद्धा जॉय यांनीच तयार केली.

टेलिफोनची वाहिनी मध्येच तुटतही असे. अशा वेळी न जतन केलेले काम बाजूला ठेवून वापरणाऱ्याला टपालाने कळवण्याची सोय बीएसडीत होती. नंतर आर या पर्यायासह व्हीआय उघडला की काम परत मिळे. व्हिममध्ये हेच काम स्वॅप फाइल करते. वसतिगृहाचे वाय-फाय तुटल्यावर फाइल पुन्हा उघडताना 'स्वॅप फाइल सापडली' अशी लांबलचक सूचना येते आणि विद्यार्थी घाबरून काहीतरी दाबून मोकळा होतो. ती सूचना म्हणजे आपले काम वाचल्याची शक्यता आहे. शांतपणे वाचावी, रिकव्हर निवडावे, मजकूर तपासावा, जतन करावा आणि मगच जुनी स्वॅप फाइल काढावी.

४. दिल्ली–मुंबई, १९९१

हे सारे दूरदेशीचे वाटत असेल तर आपल्या देशातल्या एका वाहिनीकडे पाहू. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने 'अर्नेट' हे शैक्षणिक व संशोधन जाळे सुरू केले. दिल्लीतला विभाग स्वतः, मुंबईचे एनसीएसटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि दिल्ली, मुंबई, कानपूर, खरगपूर, मद्रास येथील आयआयटी असे त्याचे पहिले भागीदार होते. सुरुवातीला डायल-अप टेलिफोनवरून युनिक्सच्या यूयूसीपी पद्धतीने फक्त ईमेल चालत असे. पत्र आधी आपल्या यंत्रावर लिहायचे, वाहिनी जुळली की ते पुढच्या यंत्राकडे जायचे.

अर्नेटची पहिली भाड्याची कायम वाहिनी जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली आणि मुंबई यांच्यात सुरू झाली. तिचा वेग होता सेकंदाला ९६०० बिट. वरचाच हिशेब लावला तर पूर्ण पडदा रंगवायला एकाला २ सेकंद. हे बरे वाटते, पण ही वाहिनी कुणा एकट्याची नव्हती. दोन शहरांमधली या जाळ्यातली सारी ये-जा तिच्यावरून व्हायची. १९९२ मध्ये मुंबईच्या एनसीएसटीतून अमेरिकेकडे गेलेली वाहिनी ६४ किलोबिटची होती, आणि ती या साऱ्या संस्थांसाठी बाहेरच्या जगाचे दार होती.

म्हणजे बर्कलीतल्या एका घरात १९७६ च्या सुमारास जी टंचाई होती, तिच्याच जातीची टंचाई पंधरा वर्षांनी आपल्या अग्रगण्य संस्थांच्या वाट्याला होती. दोन कळांत ओळ काढणारा, बदललेला भागच पुन्हा रंगवणारा एडिटर अशा वातावरणात किती नेमका बसतो, हे समजायला वेगळे स्पष्टीकरण नको. शिवाय बीएसडी असो वा सिस्टिम फाइव्ह, व्हीआय युनिक्सबरोबरच येत असे. वेगळा विकत घ्यावा लागत नसे.

५. व्हिमचा जन्म

व्हीआयला एक कायदेशीर अडचण होती. त्याचा कोड एडच्या कोडवरून आलेला, आणि एडची मालकी एटी अँड टी कंपनीची. त्यामुळे मूळ व्हीआय कुणालाही मुक्तपणे वाटता येत नसे. साहजिकच लोकांनी त्याच्या प्रतिकृती लिहिल्या. टिम थॉम्पसन यांनी अटारी एसटी संगणकासाठी 'स्टीव्ही' लिहिला. नेदरलंड्सचे ब्राम मोलेनार यांना आपल्या अमिगा संगणकावर व्हीआयसारखा एडिटर हवा होता. १९८८ मध्ये त्यांनी स्टीव्हीच्या आधारे काम सुरू केले आणि नोव्हेंबर १९९१ मध्ये व्हिमची पहिली सार्वजनिक आवृत्ती फ्लॉपीवरून प्रसिद्ध झाली. व्हिम म्हणजे आधी 'व्हीआयची नक्कल' होती. पुढे ते 'सुधारित व्हीआय' झाले.

त्याच वर्षी लिनक्सही अवतरले, आणि लिनक्सच्या वितरणांबरोबर व्हिम जगभर पोहोचला. मोलेनार यांनी तो फुकट दिला आणि आवडल्यास युगांडातील किबाले येथील मुलांसाठी देणगी द्यावी असे सुचवले. व्हिम उघडल्यावर आजही हे आवाहन दिसते. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर सुमारे तीन दशके ते या एका प्रकल्पाची देखभाल करत होते. भारतातल्या विद्यार्थ्याला परवान्याचा एक रुपयाही न भरता हे साधन मिळते, त्यामागे हा इतिहास आहे.

६. मोडवरचा आक्षेप

मोडला विरोधही जुना आहे आणि तो बिनबुडाचा नाही. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातले लॅरी टेस्लर हे त्याचे प्रमुख प्रवक्ते. कापा-चिकटवा ही आज सर्वत्र असलेली पद्धत घडवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे, आणि मोड नकोत हा आग्रह त्यांनी आपल्या गाडीच्या क्रमांकपाटीवरही मिरवला. त्या केंद्रातल्या 'ब्राव्हो' या मोडल एडिटरची गोष्ट प्रसिद्ध आहे. आपण इन्सर्टमध्ये आहोत असे समजून कुणी 'एडिट' या इंग्रजी शब्दाची चार अक्षरे टाइप केली. ई म्हणजे सगळे निवड, डी म्हणजे काढ, आय म्हणजे घाल, आणि उरले टी. पूर्ण दस्तऐवजाच्या जागी एकच अक्षर राहिले.

आपण कोणत्या मोडमध्ये आहोत हे विसरणे हीच मोडल एडिटरमधली मूळ चूक, आणि नवख्याची जवळजवळ सगळी तक्रार तिच्यातून येते. उपाय सवयीचा आहे. नवखा माणूस इन्सर्टला घर समजतो आणि नॉर्मलमध्ये चुकून जातो. जाणकार नॉर्मलला घर समजतो. इन्सर्टमध्ये जातो, वाक्य लिहितो आणि लगेच एस्केप दाबून परततो. थांबून विचार करायचा तो नॉर्मलमध्ये. ही एक सवय लागली की ब्राव्होसारखे अपघात विरळ होतात. झालेच तर यू दाबून ते मागे घेता येतात, आणि व्हिममध्ये एकामागून एक कितीतरी बदल असे परतवता येतात.

७. कळा पाठ करू नका, व्याकरण शिका

वाहिनी वेगवान झाल्यावर व्हीआय संपायला हवा होता. तो टिकला, कारण काटकसरीपोटी ठेवलेल्या एकाक्षरी आज्ञांतून एक छोटी भाषा तयार झाली. डी म्हणजे काढ, सी म्हणजे बदल, वाय म्हणजे नक्कल घे. ही क्रियापदे. डब्ल्यू म्हणजे पुढच्या शब्दापर्यंत, डॉलर-चिन्ह म्हणजे ओळीच्या शेवटापर्यंत, महिरपी कंस म्हणजे परिच्छेदाच्या टोकापर्यंत, टी आणि त्यापुढे एखादे चिन्ह म्हणजे त्या चिन्हाच्या अलीकडेपर्यंत. ही नामे. मध्ये संख्या घालता येते: डी, ३, डब्ल्यू म्हणजे तीन शब्द काढ. सी-प्रोग्राममध्ये सी, टी आणि अर्धविराम या तीन कळा दाबल्या की कर्सरपासून अर्धविरामापर्यंतचा मजकूर जातो आणि नवा लिहिता येतो. व्हिमने यात भर घातली: सी, आय आणि गोल कंस दाबले की कंसांतला सगळा मजकूर बदलता येतो, कर्सर कंसात कुठेही असला तरी.

हिशेब करून पाहा. ३ क्रियापदे आणि १० नामे शिकली तर लक्षात ठेवायच्या गोष्टी १३, पण त्यांतून आज्ञा होतात ३०. एक नवे क्रियापद शिकले की एकदम १० आज्ञांची भर पडते. शॉर्टकटची यादी पाठ करण्यात असा गुणाकार नसतो.

मराठी माणसाला एक गोष्ट मात्र उलटी वाटेल. आपण 'तीन शब्द काढ' म्हणतो. व्हीआय 'काढ तीन शब्द' म्हणतो. क्रियापद आधी असल्यामुळे किती भाग जाणार हे आज्ञा पूर्ण होईपर्यंत दिसत नाही. कॅकून आणि हीलिक्स या नव्या मोडल एडिटरांनी क्रम उलटा केला: आधी मजकूर निवडा, मग क्रिया सांगा. आपल्या वाक्यरचनेला हा क्रम जवळचा. व्हिममध्येही व्ही दाबून आधी निवड करता येते; सुरुवातीला तसे करण्यात कमीपणा नाही.

८. देवनागरी लिहिताना

या भाषेचे एक गृहीतक आहे: कळफलक रोमन असणार. ज्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये अर्नेट सुरू केले, त्याच विभागाने त्याच वर्षी भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट कळफलकाचे प्रमाण ठरवले आणि १९८८ मध्ये ते सुधारले. इनस्क्रिप्टमध्ये एच, जे, के, एल या कळांवर प, र, क, त ही अक्षरे आहेत आणि डी या कळेवर हलन्ताचे चिन्ह. म्हणजे संगणकाचा कळफलक मराठीवर ठेवून व्हिममध्ये मजकूर लिहिला, एस्केप दाबले आणि ओळ काढायला दोनदा डी दाबले, तर व्हिमला डी मिळतच नाही. मिळतात दोन हलन्त. आज्ञा चालत नाही. प्रत्येक वेळी संगणकाचा कळफलक बदलणे हा उपाय इतका कंटाळवाणा आहे की मराठी लिहिणारा व्हिम सोडूनच देतो.

यावरचा उपाय व्हिममध्ये आहे. संगणकाचा कळफलक इंग्रजीच ठेवावा आणि व्हिमचा 'कीमॅप' हा पर्याय वापरावा. कीमॅप म्हणजे साधी मजकूर फाइल: प्रत्येक ओळीत डावीकडे रोमन कळ, उजवीकडे तिच्यासाठीचे देवनागरी अक्षर. इन्सर्टमध्ये कंट्रोल आणि ६ दाबले (काही टर्मिनलांवर शिफ्टही लागते) की मराठी चालू किंवा बंद होते. एस्केपनंतर नॉर्मलमध्ये कळा आपोआप रोमनच राहतात. म्हणजे लिपी हादेखील इन्सर्टमधला एक मोड होतो. इनस्क्रिप्टची अशी फाइल विद्यार्थी एका दुपारी स्वतः लिहू शकतो.

९. शिकण्याचा क्रम

पहिल्या आठवड्यात व्हिमबरोबर येणारा 'व्हिमट्यूटर' पूर्ण करावा. अर्ध्या तासाचे काम आहे, पण दोन-तीनदा करावे. लक्ष फक्त एका गोष्टीवर: लिहून झाले की एस्केप. दुसऱ्या आठवड्यात तीन क्रियापदे आणि रोज दोन नवी नामे. तिसऱ्या आठवड्यात तिरपी रेघ दाबून शोधणे, आणि टिंबाची कळ: ती शेवटचा बदल जसाच्या तसा पुन्हा करते. जे ही कळ दाबून धरत दहा ओळी खाली जात असाल तर थांबा आणि शोध वापरा. दुसऱ्याची लांबलचक सेटिंग फाइल या काळात उतरवून घेऊ नये. दूरच्या सर्व्हरवर ती नसते, आणि तिथेच तर हा एडिटर लागतो.

ही शिकवण एका एडिटरपुरती राहत नाही. मॅन्युअलची पाने दाखवणाऱ्या 'लेस'मध्ये जे, के आणि तिरपी रेघ तशीच चालते. बॅश शेल व्हीआयच्या रीतीने वापरता येतो. व्हीएस कोडमध्येही व्हिमच्या कळा जोडता येतात. माउस आणि मेनू सोडून देण्याची गरज नाही. पण ज्या यंत्रावर दुसरे काहीच नसेल, तिथेही न अडखळता फाइल दुरुस्त करता आली पाहिजे, इतकी तयारी अभियंत्याकडे असावी.

स्वाध्याय

१. १२०० बॉडच्या वाहिनीवर १९२० अक्षरांचा पडदा रंगवायला किती वेळ लागेल? अशा वाहिनीवर व्हीआय १६ ओळीच का दाखवत असे, हे त्यावरून सांगा.

२. तुम्ही वापरता त्या कोणत्याही दोन उपकरणांतले मोड शोधा. मोड विसरल्याने होणारी चूक आणि ती टाळण्यासाठी केलेली सोय लिहा.

३. एका फाइलमध्ये काम चालू असताना टर्मिनलची खिडकी मुद्दाम बंद करा. फाइल पुन्हा उघडून स्वॅप फाइलमधून काम परत मिळवा आणि पायऱ्या नोंदवा.

४. इनस्क्रिप्टच्या मधल्या रांगेतील कळांसाठी कीमॅप फाइल तयार करून तिच्या साहाय्याने मराठीत दहा ओळी लिहा.